गरम पाण्याची लाइन

छबूबाईच्या पाठीवर पडणारी धार बारीक होत होत सुतासारखी झाली, दोनदा खोकली आणि थांबली. आश्रुबांनी नळ पूर्ण सोडला, बंद केला, परत सोडला. नळाच्या तोंडातून पांढरा पापुद्रा, अंड्याच्या कवचासारखा, निसटला आणि तिच्या ओल्या खांद्याला चिकटला. त्यांनी तो चिमटीत धरला तर त्याचा चुरा झाला. छबूबाई पाटावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बोलता बोलता ती थांबली होती. "गाडी लागली व्हती आक्का," ती म्हणत होती, "मी चढले बी. पोरीला खिडकीपशी बसिवलं. आन् मंग..." आणि तेवढ्यात पाणी गेलं. आश्रुबा "हं" म्हणाले. एवढंच म्हणायचं असतं हे ते दोन महिन्यांत शिकले होते. "हं" म्हटलं की ती पुढं जायची. पण या वेळी ती भिंतीकडं बघत राहिली. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. परभणीची थंडी खिडकीच्या फटीतून सरळ आत येत होती, आणि तिच्या पाठीवर काटा उभा राहिलेला त्यांना दिसला. त्यांनी घाईनं बायकोला टॉवेल गुंडाळला, केस पुसले, स्वेटर चढवला. तिचे दात वाजत होते. ते कान देऊन ऐकत राहिले, पण त्या वाजण्यात एकही शब्द नव्हता.

छबूबाईला विसर पडायला लागून तीन वर्षं होत आली होती. आधी भाजीत मीठ दोनदा, मग गॅस चालूच, मग एक दिवस गल्लीच्या तोंडाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागली की झरीची गाडी कुठं थांबती. झरी तिचं माहेर. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो उजेडावर धरून दाखवला आणि म्हणाले, आता हे असंच उतरत जाणार. आश्रुबा चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. उतार म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. गेल्या पावसाळ्यापासून तर ती दिवसदिवस बोलेना. बसवलं तिथं बसायची, भरवलं तर खायची. वसमत रोडच्या त्या कॉलनीत, चार खोल्यांच्या घरात, दोन माणसं असून आवाज फक्त फ्रिजचा. तिचे डोळे त्यांच्या तोंडावरून जायचे, पण थांबायचे नाहीत. कपाटावरून जावेत, कॅलेंडरवरून जावेत तसे. बोलायची ती फक्त अंघोळीला. गच्चीवरच्या सोलरचं पाणी मणक्यावर पडायला लागलं की तिचे खांदे सुटत, मान पुढं कलंडे, आणि ती बायनाशी बोलायला लागे. बायना तिची थोरली बहीण, नऊ वर्षांपूर्वी वारलेली. पाठ चोळणारा हात बायनाचाच असं ती धरून चालायची. पहिल्या दिवशी तिनं सांगितलं ते दुसऱ्याच्या रानातला हरभऱ्याचा टहाळ उपटल्याचं, आणि मग ती इतकी हसली की आश्रुबांच्या हातातला साबण सुटला. हे हसणं त्यांच्या घरात कधी आलंच नव्हतं. ते झरीतच राहून गेलं होतं.

मग हळूहळू, रोजच्या अंघोळीला थोडं थोडं करत, ती लग्नापर्यंत आली. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिनं त्यांना 'तुमी' सोडून काही म्हटलं नव्हतं, आणि दुसऱ्यापाशी बोलताना 'हे', फार तर लेकीच्या नावानं 'पंकजाचे बाबा'. आता पाटावर बसून ती म्हणाली, "त्यो घोरतो लय, आक्का. मशीन चालू हाय असं वाटतंय." आश्रुबांचा हात तिच्या मानेवर तसाच राहिला. त्यो. कुणीतरी लांबून खडा मारावा तसा तो शब्द लागला. दिवसभर ते घरात फिरताना मनात म्हणून बघत होते: त्यो उठला, त्यो चहा करायलाय, त्यो दाराशी जाऊन उगंच उभा राहिला. दोन-तीन दिवसांत त्या शब्दाची त्यांना चटकच लागली. 'तुमी'च्या मागं जो माणूस होता त्याला ताट वाढायचं, त्याचे कपडे वाळत घालायचे, त्याच्या नजरेला पडू न देता आपलं दुखणं दाबायचं. त्या 'तुमी'बद्दल तिला काय वाटत होतं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि तिनंही सांगितलं नव्हतं. 'त्यो' मात्र खरा होता. त्याचा तिला राग यायचा. त्याची तिला एकदा दयाही आली होती, कारण मोठ्या साहेबानं त्याला चार माणसांत झापलं तेव्हा घरी येऊन तो पंकजाच्या पाळण्याशी तासभर बसला होता. हे तिनं पाहिलं होतं. आपल्याला कुणी पाहिलं होतं हे आश्रुबांना सहासष्टाव्या वर्षी कळत होतं. ते नळाखाली हात धरून, डोळे मिटून, बायना होऊन ऐकत.

पाणी जायच्या आदल्या दिवशी ती त्या पोरापाशी आली. पंकजाच्या पाठीवरचं, सातव्या महिन्यात गेलेलं. तेव्हा ते पाथरीला होते, खात्याच्या क्वार्टरमध्ये. "सकाळधरनं अंगावर जायलं व्हतं," ती सांगत होती, इतक्या सपाट आवाजात की जणू बाजारातून काय आणलं ते सांगते आहे. "शेजारनीनं जीपगाडीत घालून दवाखान्यात नेलं. पोरगं व्हतं आक्का. नखं बी आली व्हती. त्यो तिसऱ्या दिशी आला. चपला काढल्या, पाय धुतले, आन् म्हनला, जेवायला वाढ." पाणी पडत राहिलं. "मी वाढलं." आश्रुबा तिच्या पाठीवर साबण फिरवत राहिले. तो दिवस त्यांच्यापाशीही होता, पण निराळा. पाणीपाळी चालू होती, एका चारीच्या, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या लहान कालव्याच्या, गेटवर दोन गावं काठ्या घेऊन समोरासमोर उभी होती, आणि किल्ली त्यांच्या कमरेला होती. निरोप आला तेव्हा ते गेट सोडून निघाले असते तर डोकी फुटली असती. दोन दिवसांनी मिटलं तेव्हा ते सायकलीवर बसले, आणि कालव्याच्या भरावावरून पाथरीपर्यंत सगळी वाट, तिला काय म्हणायचं ते जुळवत आले. दारात तिचा चेहरा दिसला आणि जुळवलेलं सगळं गेलं. रोज म्हणायचे तेवढंच एक वाक्य तोंडात उरलं होतं, ते बाहेर पडलं. ती उठली, तिनं वाढलं, ते मान खाली घालून जेवले, आणि त्यांना वाटलं की तिला कळलं. तेहतीस वर्षं त्यांना वाटत होतं की त्या रात्री ते दोघं मिळून रडले होते, फक्त डोळ्यांतून पाणी न काढता. घरातली ती एकच गोष्ट होती जी दोघांची आहे असा त्यांचा विश्वास होता.

आणि दुसऱ्या दिवशी हे. "आठ दिसांनी त्यो परत कालव्यावर गेला. मी पेटीत चार लुगडी घातली, पोरीला काखेला मारलं, आन् स्टँडवर गेले." आश्रुबांना आधी कळेचना कोणतं स्टँड, कसली पेटी. असा दिवसच नव्हता. ते कालव्यावरून आले तेव्हा घर घरासारखं होतं, चूल पेटलेली, पंकजा अंगणात, पेटी खाटेखाली. त्यांनी तो आठवडा डोक्यात उलटापालटा करून पाहिला. काही नाही. एक अख्खा दिवस त्यांच्या घराला कुलूप होतं, त्यांची बायको-पोर गाडीत बसली होती, आणि ते कुठंतरी भरावावर बसून पाण्याची पातळी वहीत लिहीत होते. मग ती उतरली. का उतरली? पोरगी रडली म्हणून? माहेरी कुणी ठेवून घेणार नाही म्हणून? की त्याच्यासाठी, त्या पाय धुऊन जेवायला बसलेल्या माणसासाठी, काही एक तिच्या मनात आलं म्हणून? 'आन् मंग' च्या पुढं ते होतं. तिच्या तोंडात आलेलं होतं.

ते गच्चीवर जाऊन आले. टाकीत पाणी होतं, नळ्या उन्हात चमकत होत्या. पण पाणी खाली उतरत नव्हतं. अकरा वर्षं बोअरचं जड पाणी त्या पाइपातून तापून उतरत होतं आणि जाता जाता आपला खार मागं ठेवत होतं. परमेश्वर नावाचा एक प्लंबर होता, सोलर साफ करायचं मशीन असलेला. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "काका, सध्या चार बिल्डिंगा चालू हायेत. पंधरा-वीस दिस थांबा." तोवर आश्रुबांनी गॅसवर पातेलं ठेवून पाहिलं. बादली, तांब्या. पण तांब्याचं पाणी पाठीवर पडलं की ती दचके, आणि दुसरा तांब्या पडेपर्यंत गार होऊन जाई. प्रत्येक तांब्या तिला नव्यानं कुणीतरी अंगावर फेकल्यासारखा लागे. एकदा तिनं त्यांचा हात चावला. त्यांनी तांब्याला भोक पाडून धार धरून पाहिली, बादली स्टुलावर ठेवून नळी लावून पाहिली. ती भिंतीकडं बघत बसे. पंकजा पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, सरळ गिझर बसवून टाका ना." "सोलरच नीट करून घेतो," ते म्हणाले. कारण सांगायची त्यांना लाज वाटली. मग फोन ठेवता ठेवता विचारलं, "पाथरीचं स्टँड आठवतं का गं तुला?" "मी चार वर्षांची होते बाबा तेव्हा. का?" "कायी न्हाई." "बाबा, तुम्ही जेवताय ना नीट?" ती बराच वेळ बोलत राहिली. ते हो हो म्हणत राहिले आणि समोर बसलेल्या छबूबाईच्या ओठांकडं पाहत राहिले. ओठ हलत नव्हते. रोज थोडी थोडी ती आत जात होती. कालपर्यंत चमचा धरत होती, आज धरला नाही. आश्रुबांना दिवस मोजायची भीती वाटायला लागली. नोकरीत त्यांनी पाहिलं होतं, पाळी उशिरा सुटली तर पाणी शेतात जातं, पण पीक उठत नाही.

परमेश्वर आला तो एकोणिसाव्या दिवशी. पस्तिशीचा, हातावर ॲसिडचे पांढरे डाग असलेला माणूस. त्यानं काचेच्या नळ्या एकेक करून काढल्या, उलट्या केल्या. त्यातून ओंजळभर पांढरी वाळू पडली. मग बाथरूममधला नळ काढून, पाइपाच्या तोंडात बोट घालून, तो म्हणाला, "काका, हितं करंगळी जाईना. मशीन लावून ॲसिड फिरवतो, मग प्रेशरनं धुवून काढतो. पन एक सांगतो. भिंतीतली लाइन जुनी लोखंडी हाय. आतून सडली आसंल. सध्या ह्या खारानंच भोकं बुजवल्यात. खार गेला की कुठून पाझरंल ते माझ्या हातात न्हाई."

"काढ," आश्रुबा म्हणाले.

"इचार करा. नवी लाइन भायेरून टाकू. चार-आठ दिस लागतील."

"आजच काढ."

मशीन सुरू झालं तसं घर गुरगुरायला लागलं. छबूबाईला त्यांनी ओसरीवर उन्हात बसवलं होतं, डोक्याला मफलर बांधून. नळी अंगणातल्या नालीत सोडली होती. आधी ताकासारखं पाणी आलं, फेसाळ, नाकात झोंबणारं. मग चहासारखं. मग काळं, त्यात गंजाच्या खपल्या आणि खाराचे गोल गोल तुकडे, पाइपाच्या आतल्या आकाराचे, बांगड्या फुटल्यासारखे. परमेश्वर मधेच दिशा बदली, वरून खाली, खालून वर, आणि भिंतीच्या आत काहीतरी खडखडत जाई. आश्रुबा नालीपाशी उकिडवे बसून बघत होते. अकरा वर्षं हे सगळं आपल्या घरात, आपल्या भिंतीत साचत होतं. याच्यातूनच ते पाणी येत होतं ज्याच्याखाली ती बोलायची. त्यांनी एक तुकडा उचलला आणि परत टाकला. दुपारी कधीतरी पाणी निवळलं. त्याच वेळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर, कट्ट्याच्या वर, एक ओला डाग उमटला आणि त्यांच्यादेखत तळहाताएवढा झाला. "म्हनलो व्हतो काका," परमेश्वर म्हणाला. "राहू दे." "भित भिजंल सगळी. पावसाळ्यापतुर रंग उतरंल." "भिजू दे." परमेश्वरनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं, ओसरीवरच्या बाईकडं एकदा पाहिलं, नवा नळ बसवला आणि मशीन उचलून गेला.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं पडलं. बारा वाजता आश्रुबांनी नळ सोडला, तर पाणी बादलीच्या तळाला असं आदळलं की ते मागं सरकले. धार मनगटाएवढी, वाफ छतापर्यंत. त्यांनी नळ आवळून धार पूर्वीसारखी बारीक केली, तिला आणलं, पाटावर बसवलं, पाठीवर पाणी सोडलं. ती आधी आकसली. मग खांदे सुटले. मग मान पुढं गेली. आश्रुबांच्या छातीत ठोके पडायला लागले. बायकोची पाठ चोळताना सहासष्ट वर्षांच्या माणसाला अशी धडधड व्हावी याचं त्यांना हसू आलं असतं, पण हसायला उसंत नव्हती. "ऊन हाय पानी," ती म्हणाली.

"हं," आश्रुबा म्हणाले.

ती पुढं बोलेना. त्यांनी थांबून पाहिलं. मान चोळली, केस मोकळे केले, परत एकदा "हं" म्हणून पाहिलं. पाणी पडत होतं. टाकी दीडशे लिटरची. संपली की उद्यापर्यंत नाही, आणि उद्या ती आणखी एक पाऊल आत गेलेली असणार. एकोणीस दिवस त्यांनी तोंडात धरून ठेवलेलं सुटलं. बायना कशी बोलायची ते आठवून, तिचा हेल आणून, ते म्हणाले, "मंग छबे, गाडीत बसलीस ना तू? पोरीला खिडकीपशी बसिवलंस. मंग उतरलीस कामून गं?"

मान हळूच वर आली. ती वळली. तिचे डोळे त्यांच्या तोंडावर आले आणि थांबले. वर्षात पहिल्यांदा थांबले. भुवया जवळ आल्या, काहीतरी लांबून चालत येत असावं तसं तिच्या चेहऱ्यावर ओळख आली. "तुमी हाव व्हय?" ती म्हणाली. ओळखलं. आपल्याला ओळखलं. त्यांना वाटलं आता तिचे हात धरावेत, म्हणावं, हो गं, मीच. पण तिनं स्वतःकडं पाहिलं, उघड्या अंगाकडं, मग त्यांच्या हाताकडं, आणि खुंटीवरचं लुगडं ओढून छातीशी धरलं. नव्या नवरीसारखी ती आक्रसली. "तुमी कामून आलाव आत? भायेर व्हा." आवाजात राग नव्हता. नवऱ्याशी बोलायचा तो जुना, खालच्या मानेचा, अदबीचा आवाज होता. त्या आवाजापुढं आश्रुबांना त्रेचाळीस वर्षांत कधी दुसरं काही सुचलं नव्हतं. ते उठले. बाहेर आले. मागं दार लागलं आणि कडी सरकल्याचं ऐकू आलं.

ते दारापाशीच उभे राहिले. पडली तर, घसरली तर. आत क्षणभर फक्त बारीक धार वाजत होती. मग तिचा आवाज आला, खालचा, जवळच्या माणसाशी बोलावं तसा. "गेला बग त्यो." आणि तिनं नळ पूर्ण सोडला.

पाणी बादलीवर कोसळायला लागलं. सगळं बाथरूम त्या आवाजानं भरून गेलं. त्याच्या खाली ती बोलत होती. आश्रुबांनी दाराला कान लावला. शब्द नव्हते, नुसती चाल होती, वर जाणारी, खाली येणारी, मधेच थांबणारी, जणू समोरच्याला विचारते आहे, मग काय करायला पाहिजे होतं गं मी. 'पोरगी' असं काही त्यांना ऐकू आलं, किंवा 'पेटी'. त्यांनी दुसरा कान लावून पाहिला. दार वाजवलं असतं तर तिनं नळ बंद केला असता, आणि बोलणंही. गच्चीवर जाऊन वरचा वॉल्व्ह आवळला तर पाणी कमी होईल, हे त्यांना एकदम सुचलं. ते धावले, जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेले, आणि थांबले. वर जाऊन येईपर्यंत ती ते बोलून मोकळी झाली तर? ते परत दारापाशी आले. आत ती हसली. तेच ते हसणं होतं, टहाळ उपटणाऱ्या पोरीचं. मग पुन्हा बोलणं, बराच वेळ, घाई नसलेलं. आश्रुबांनी कपाळ दाराला टेकलं. त्यांना वाटलं आपण आत आहोत. तिथं, पाण्याखाली, तिच्या तोंडात आपलं काहीतरी चाललं आहे, चांगलं किंवा वाईट.

मग धार पातळ झाली, घरघरली, थेंबांवर आली. टाकी रिकामी झाली होती. आता सगळं स्वच्छ ऐकू आलं असतं. आत काहीच बोलणं नव्हतं.

"छबू," ते म्हणाले.

बऱ्याच वेळानं कडी सरकली. दार बोटभर उघडलं.

"टावेल द्या," ती म्हणाली.

त्यांनी दिला. सुरकुतलेला, वाफाळणारा हात फटीतून बाहेर आला, टॉवेल घेऊन आत गेला, आणि दार परत लागलं.